परातीतलं पाकीट

भाऊजींना, म्हणजे माझ्या दिरांना, जुन्या टपाल तिकिटांचा नाद आहे. छपाईत रंग सरकलेलं तिकीट सापडलं की त्यांचं भिंग डोळ्यापासून हलत नाही. काल त्यांनी मला न विचारता माझ्या पेटीतलं आईच्या पत्राचं पाकीट काढलं आणि तिकीट सुटावं म्हणून परातीत भिजत घातलं.

“वहिनी, बघा, लाल रंग केसभर खाली उतरलाय! असं लाखात एक मिळतं.”

मी तिकिटाकडे बघितलंसुद्धा नाही. आईला अक्षरओळख झाली ती चाळिशीत. तिची ओळ उतरणीला लागायची. पाकिटावर माझं नाव वर आणि गाव पार खालच्या कोपऱ्यात. आता तिथे नुसता निळा डाग होता. यंत्र केसभर चुकलं तर त्याचं केवढं कौतुक! माणसाचा हात थरथरला तर ते गिचमिड अक्षर, घाला पाण्यात!

“एवढं काय चिडायचं?” भाऊजी म्हणाले. “आतलं पत्र कोरडं ठेवलंय की मी.”

ते पत्र आईने शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतलं होतं. तिच्या हातचा होता तो फक्त पत्ता.