तूर्त रात्रपाळी

वाघमारे गेल्याचा फोन आला तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते, आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "मग आज रात्रीचा फोन कोणाकडे?" पलीकडे आमच्या ऑफिसातला शिपाई होता. तो म्हणाला, "मॅडम, तो त्यांच्या उशाशीच आहे अजून." महिना होऊन गेला, पण मला माझीच लाज वाटायची थांबत नाही. माणूस गेल्याचं कळल्यावर निदान "अरे देवा" तरी म्हणावं. मला तेवढंही सुचलं नाही.

शहरात रात्री-अपरात्री जनावरांची तक्रार आली की आमच्या संस्थेचा माणूस जातो. गाडीखाली आलेलं कुत्रं, बाथरूममध्ये शिरलेला साप, डक्टमध्ये पडलेलं मांजर, काय वाट्टेल ते. मी तिथली कार्यालय अधीक्षक, म्हणजे कोणाला कुठली पाळी द्यायची हे ठरवणारी बाई. सुगत वाघमारे आमचे रात्रीच्या फोनवरचे माणूस. आडनावावरून थट्टा ठरलेली. "वाघमारे, आणि धरता कुत्री?" असं कोणी म्हटलं की ते शांतपणे सांगायचे, "वाघ फोन करत नाहीत हो." मांजरी गावाहून एकदा मध्यरात्री फोन आला, "साहेब, उसात बिबट्या हाय, लवकर या." खरं तर बिबट्या आमचं काम नव्हे, ते वनखात्याचं. तरी हे गेले. सकाळी नोंदवहीत त्यांनी लिहिलं होतं, 'बिबट्याच्या गळ्यात पट्टा होता, नाव टायगर, मालकाच्या ताब्यात दिला.' ते पान मी आठवडाभर सगळ्यांना दाखवत फिरले.

अकरा वर्षांपूर्वी आधीचा माणूस अचानक सोडून गेला, तेव्हा मी वाघमारेंना टेबलापाशी बोलावून म्हटलं होतं, "तूर्त तुम्ही बघा." ऑफिसात आयुष्य काढलेल्यांना ह्या शब्दाची ताकद समजावून सांगायला नको. तूर्त म्हणून जिन्याखाली ठेवलेलं कपाट तिथंच गंजतं. फोन आल्यावर अर्ध्या तासात पोचायचं हा नियम, त्यामुळे वाघमारेंना कुठं जाता येत नसे. सुटीच्या वारी बदली माणूस आला नाही की फोन पुन्हा त्यांच्याकडेच. त्यांच्या पत्नी सुजाताताई लेकीला घेऊन माहेरी सोलापूरला निघाल्या की हे सोडायला जायचे, गाडी डेपोच्या बाहेर पडेपर्यंत थांबायचे आणि परत यायचे. "स्वारगेट ही माझी हद्द, मॅडम," असं हसत सांगायचे. मीही हसायचे. आता वाटतं, त्यात हसण्यासारखं काय होतं…

एकदा वाघोलीच्या एका सोसायटीनं आमच्याबद्दल इतकी आरडाओरड केली की मी स्वतःच रात्री त्यांच्याबरोबर गेले. चौदा मजली इमारत, डक्टमध्ये मांजर, आणि वर प्रत्येक खिडकीत माणूस मोबाइल घेऊन. सगळे टॉर्च मारतायत, वरून बिस्किटं टाकतायत, एक तरुण इंग्रजीतून सूचना देतोय. वाघमारेंनी खालची जाळी उघडली आणि म्हणाले, "तुम्ही सगळे झोपायला जा. दिवे घालवा. त्याला बाहेर यायचंय हो, पण तुमच्यासमोर नाही यायचंय." लोक पुटपुटत गेले. आम्ही जिन्यात अंधारात बसून राहिलो. तीनच्या सुमाराला मांजर आपल्या पायांनी बाहेर आलं आणि आमच्याकडे न बघता निघून गेलं. परतताना जीपमध्ये ते म्हणाले, "मॅडम, दिवसपाळीचं काही जमेल का?" मी म्हटलं, "बघू." त्यानंतर विषय निघाला तो पेट्रोलचा.

मी खरंच बघितलं नव्हतं असं नाही. पहिला अर्ज मी शिफारस करून वर पाठवला होता. शेरा आला, 'पर्यायी व्यवस्था करून सोडावे.' मग त्यांच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला त्यांना आठवडाभर सोडलं आणि दुसरा माणूस नेमला. आमच्याकडे नियम असा की नसबंदीसाठी उचललेलं कुत्रं जिथून उचललं तिथंच नेऊन सोडायचं. गळ्यातल्या बिल्ल्यावरून जागा कळते. ह्या पठ्ठ्यानं दोन बिल्ल्यांची अदलाबदल केली आणि मांजरीचं कुत्रं वाघोलीत, वाघोलीचं मांजरीच्या उसात. जी सोसायटी वर्षभर 'हे कुत्रं इथून न्या' म्हणून आमचं डोकं खात होती, तिनंच 'आमचा कुत्रा बदलून दिला' अशी लेखी तक्रार केली. वाघमारेंनी लग्नाहून आल्यावर दोन रात्रींत दोन्ही कुत्री शोधून जागच्या जागी नेली. वरून बोलणी मात्र मी खाल्ली. त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं की हा माणूस रात्रीवरून हलवायचा नाही. पुढचे तीन अर्ज मी वर पाठवलेच नाहीत. माझ्या खणात ठेवून दिले, आणि ते विचारायचे तेव्हा सांगितलं, "वरून काही येत नाही हो."

शेवटचा अर्ज गेल्या जूनमधला. 'विषय: दिवसपाळी मिळणेबाबत.' खाली त्यांच्या टपोऱ्या अक्षरात, 'मुलगी दहावीला आहे. तिला मोठ्याने वाचल्याशिवाय पाठ होत नाही. मी दिवसा झोपत असल्याने तिला घरात मोठ्याने वाचता येत नाही. तरी विचार व्हावा.' मी तो उभ्यानं वाचला, आणि खण लावून जेवायला गेले.

ऑफिसात सगळे म्हणाले, झोपेतच गेले, भाग्यवान माणूस. कशाचा भाग्यवान? सकाळी सातला आले, आंघोळ केली, पोहे खाल्ले आणि झोपले. त्या घरात दिवसा आवाज नाही हा शिरस्ता. दाराच्या बेलची वायर काढलेली. शिटी नको म्हणून वरण पातेल्यात शिजायचं. प्रज्ञा, त्यांची लेक, पुस्तक घेऊन गच्चीवर जायची. दोनला ते उठायचे, त्या दिवशी उठले नाहीत, तर सुजाताताईंना बरंच वाटलं, की एक दिवस तरी पुरेशी झोप होतेय. शेजारीण बोलायला आली तिलाही त्यांनी खुणेनं परत पाठवलं. पाचला चहा घेऊन आत गेल्या… डॉक्टर म्हणाले, सकाळी नऊ-दहाच्या सुमारासच गेले असावेत. म्हणजे दिवसभर त्या मायलेकी त्यांची झोप मोडू नये म्हणून टाचा उचलून वावरत होत्या. कोणी एकदा भांडं पाडलं असतं, एकदा हाक मारली असती, तर निदान आधी कळलं असतं. ही सवय त्या घराला मी लावली. दुसऱ्या कोणावर ढकलायला मला जागा नाही.

परवाच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले. दारावर हलकेच टकटक केलं. सुजाताताईंनी आवाज न करता कडी काढली, पाणी दिलं, पेला टेबलावर असा ठेवला की काचेचा आवाज होऊ नये. आम्ही हळू आवाजात बोलत होतो. पीएफच्या कागदांचं झालं, प्रज्ञाच्या शाळेचं झालं. मग मी म्हटलं, "ताई, त्यांचे दिवसपाळीचे चार अर्ज होते. पहिला मी वर पाठवला. नंतरचे तीन पाठवले नाहीत. माझ्या खणात आहेत."

त्या म्हणाल्या, "ते म्हणायचे, मॅडम प्रयत्न करतायत, वरचे ऐकत नाहीत. तुमच्याबद्दल कधी वावगं बोलले नाहीत." मला वर बघवेना. मी कुजबुजतच म्हणाले, "चुकलं माझं."

"मोठ्यानं बोला मॅडम," त्या म्हणाल्या. "आत प्रज्ञा आहे, तिलाही ऐकू दे. आता झोपमोड व्हायला घरात कोण आहे?"

मी पुन्हा सांगितलं. मोठ्यानं, पहिल्या अर्जापासून. आतल्या खोलीचं दार उघडलं, प्रज्ञा उंबऱ्यात येऊन उभी राहिली. मी थांबले नाही.