काकांच्या सफारीत धुळे

फैजपूरहून धुळ्याला जाऊन एका दिवसात परतता येतं का, असं कुणी विचारलं की मी हो म्हणतो आणि विषय बदलतो. नव्वद सालच्या आसपास मी तिथं मुलगी बघायला गेलो होतो.

तेव्हा मी शाळेत चित्रकला शिकवायचो आणि माझे सदरे स्वतः शिवायचो. त्या दिवशीचा गडद निळा होता. आईच्या जुन्या लुगड्याचा लाल काठ काढून मी त्याच्या कॉलरला आणि खिशाला लावला होता. जी माझ्याशी लग्न करेल तिनं मला असंच बघावं, एवढाच हट्ट होता.

सोबत काका. सकाळची एसटी, भुसावळवरून जळगाव, तिथं गाडी बदलून धुळे. सकाळी निघालात तर उजवीकडची खिडकी धरा, ऊन लागत नाही. पारोळ्याला गाडी थांबली, रुपया-दोन रुपयांत पोटभर गरम भजी मिळाली. काका भजी कमी आणि माझी कॉलर जास्त बघत होते.

"हाई काय घालेल शे रे? बठ्ठा हासतीन!"

"हसू द्या," मी म्हणालो. हा ताठा पारोळ्यापुरताच टिकला.

धुळ्याच्या स्टँडवरून रिक्षानं मध्यस्थ नानांकडे गेलो. मुलीचं घर त्यांच्या अगदी समोर. नाना मला बघून दारातच थबकले.

"मास्तर, साधी माणसं आहेत ती. मुलगा नाटकातला वाटायला नको."

काकांनी पिशवीतून स्वतःची राखाडी सफारी काढली. म्हणजे घरूनच ठरवून आणली होती! मला भयंकर राग आला. आणि मी आत जाऊन ती घातली.

खांद्यात सैल, बाहीत आखूड. समोरच्या घरी पोहे झाले, पगार विचारून झाला. पोहे उत्तम होते. मुलीनं एकदाच वर पाहिलं, जराशी गोंधळली, आणि माझ्या मागं दाराकडे बघत राहिली, जणू अजून कुणी यायचं होतं.

आठवड्यानं नाना फैजपूरला आले. नकार होता. मी कारण विचारलं.

"पोरगी म्हणाली, रिक्षातून निळ्या सदऱ्यातला उतरला तो मुलगा असेल तर माझा होकार आहे. मी म्हटलं, अगं, तोच तो, आम्हीच त्याला कपडे बदलायला लावले! तर म्हणते, मग नको. कुणी सांगितलं म्हणून दारातच बदलणारा मला नको."

नंतर कितीदा तरी धुळ्यावरून गेलो, उतरलो नाही. वर्षभर काकांशी धड बोललो नाही. ते सोपं होतं. काकांनी सफारी नुसती पुढं केली होती. बटणं मी लावली होती, एकेक करून, सगळी.