गोलच्या खांबांमधला माणूस

मुलांनो, तुमच्या शाळेच्या भिंतीवर ज्या फुटबॉलपटूचा फोटो आहे तो सौदीत धाहरानला आमचा शेजारी होता का, असं तुम्ही विचारलंत. होता. तो माझा पेशंट होता आणि पेशंटच्या गोष्टी घरी सांगायच्या नसतात, म्हणून मी इतके दिवस बोलले नाही. गेल्या आठवड्यात त्याच्या बायकोनेच फोनवर सांगितलं, "मुलांना खरं काय ते लिही." म्हणून लिहिते.

तो गव्हाच्या शेतांमधल्या लहान गावात वाढला. शाळा संपायच्या आतच मेलबर्नच्या मोठ्या क्लबने त्याला घेतलं. तुमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा तो लंबगोल चेंडू उंच असताना दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा टेकून वर चढायचं आणि तो झेलायचा, यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तो कर्णधार झाला, संघाने अंतिम सामना जिंकला. खाली येताना मात्र तो पुष्कळदा डोक्यावर आपटला. "तेव्हा तोंडावर पाणी मारायचे आणि परत मैदानात ढकलायचे," असं तो सांगे. तिशी ओलांडल्यावर खेळ सुटला. पुढे बायकोला धाहरानच्या तेलकंपनीच्या कॅम्पमधल्या शाळेत नोकरी लागली आणि त्याला मैदानाची देखरेख मिळाली.

मी फिजिओथेरपिस्ट. त्याच्या खांद्यावर माझ्याकडे उपचार चालू होते. तो मला डॉक्टर म्हणे. मी डॉक्टर नाही म्हटलं की म्हणे, "दुखवतेस तर डॉक्टरसारखीच." एका सकाळी हीच थट्टा तो पुन्हा पुन्हा करत राहिला, तेव्हा मी त्याला न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. त्यांनी बजावलं, डोक्याला आता एकही मार बसता कामा नये.

पण कॅम्पवरचा दर शुक्रवारचा हौशी सामना तो सोडेना. बायको माझ्याकडे आली. "माझं ऐकत नाही. तू बघ."

या खेळात गोलच्या खांबांमध्ये पांढरा कोट घातलेला पंच उभा असतो. गोल झाला की तो दोन निशाणं हलवतो, थोडक्यात हुकला की एक. सामना सोडवत नसेल तर तिथे उभा राहा, म्हणून मी माझा हॉस्पिटलचा कोट त्याच्यापुढे धरला.

"म्हाताऱ्यांचं काम देतेस."

"म्हातारा होशील असं काम देते."

तुमच्या आजोबांनी जुनं धोतर फाडून निशाणं करून दिली. "घ्या, आमचं सोवळं ऑस्ट्रेलियाच्या कामी आलं," म्हणाले.

बाह्या कोपरापर्यंतच पोचत होत्या, पण त्याने तो कोट घातला. बरेच शुक्रवार नीट गेले. मग एकदा चेंडू खूप उंच, थेट गोलसमोर आला. खाली पाचसहा जण धडपडत होते. त्याने निशाणं टाकली, एकाच्या पाठीवर चढला आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून चेंडू झेलला. उतरला तो पायांवर.

एका खेळाडूने विचारलं, "गोल धरायचा की नाही?"

त्याने चेंडूकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं. "मी कोणत्या बाजूने खेळतोय?"

बायको मैदानात आली, त्याच्या हातून चेंडू घेतला आणि त्याला घरी घेऊन गेली. शाळेचं सत्र संपताच ती दोघं मायदेशी परतली.

आता तो तुमच्या शहराबाहेर एका शुश्रूषागृहात आहे. बायकोचं नाव त्याला आठवत नाही. अंतिम सामनाही आठवत नाही. तिने चेंडू टाकला तर तो अजून झेलतो.