धक्का पाच सेकंदांचा

धारूरजवळच्या आमच्या शाळेला भूकंपाचा धक्का बसला तो जेमतेम पाच सेकंदांचा. त्यावरचे किस्से मात्र दोन वर्षं झाली तरी संपत नाहीत. स्टाफरूममध्ये चहा आला की कुणीतरी सुरू करतंच, आणि दर वेळी धक्का थोडा मोठा होतो! मी तिथंच चौथीला शिकवतो. जे पाहिलं तेवढंच सांगतो.

*

सकाळची शाळा. जमिनीतून ट्रक गेल्यासारखी घरघर आली, भिंतीवरचा नकाशा हलला. पोरं ओरडत मैदानात पळाली. तिथं आधीच एकजण उभे होते. आमचे गणिताचे गर्जे सर!

मुख्याध्यापिका जाधव बाईंनी विचारलं, "सर, पोरांच्या आधी तुमी कावून?"

"रस्ता मोकळा हाय का बघायला गेलतो मॅडम!"

बाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून रोज भूकंपाची कवायत. घंटा झाली की डोक्यावर दप्तर आणि रांगेनं मैदानात. सगळे वर्ग रिकामे झालेत का ते बघून अगदी शेवटी बाहेर पडायचं काम गर्जे सरांकडं!

*

आठवड्याभरात मोबाईलवर मेसेज फिरला, 'आज दुपारी तीनला मोठा धक्का.' अडीचलाच गेटवर पालकांची गर्दी. पोरं सोडा म्हणून एकच गलका.

बाई पायरीवर उभ्या राहिल्या. "धक्का कधी येणार हे जगात कुणालाच आधी सांगता येत न्हाई. येत असतं तर त्याचं परिपत्रक मला आलं असतं, अन् खाली लिहिलं असतं, माहिती तातडीनं कळवा!"

लोक हसले, पण हलले नाहीत.

"थांबलाच हाय तर जरा हात लावा," बाई म्हणाल्या.

मग पालकांनी दाराजवळची जड कपाटं हलवली, तारेनं भिंतीला बांधली. शेवटचं कपाट बांधून एकजण घाम पुसत म्हणाला, "आयला, तीन कवाच वाजून गेले की!"

*

शाळेमागच्या माळावर दगडूआबा शेळ्या चारतात. आबांचं ठाम म्हणणं, "शेळ्यांला आधी कळतं. वरडल्या की समजायचं."

गर्जे सरांनी वहीच घातली. शेळ्या कधी ओरडल्या, जमीन कधी हलली. महिनाभर शेळ्या रोज ओरडल्या, जमीन हलली नाही. आणि ज्या दिवशी खरंच दुसरा हादरा बसला, त्या दिवशी शेळ्या निवांत बाभळीचा पाला खात होत्या!

सरांनी वही आबांपुढं धरली. आबा शांतपणे म्हणाले, "हादरा बारका हाय हे ठाऊक असल त्यांला. बारक्याला कशाला वरडतील?"

*

हा किस्सा मात्र हसायचा नाही. त्या दुसऱ्या हादऱ्यानंतर एका सकाळी शाळेत आलो तर आमचे शिपाई पंडितमामा वर्गांच्या दारांचे स्क्रू खोलत बसलेले.

"मामा, हे काय?"

"आतल्या कड्या काढतोय."

"कावून?"

मामांचा हात थांबला नाही. "किल्लारीच्या वेळी आमच्या घरची कडी निघाली न्हाई, सर. थोरली बहीण आत व्हती."

बाई माझ्यामागंच उभ्या होत्या. त्यांनी ऑफिसातून दुसरा स्क्रू ड्रायव्हर आणला, पदर खोचला आणि शेजारच्या दाराला लागल्या.

*

तीन नंबरच्या खोलीला तिरकी चीर पडली होती. बाईंनी तो वर्ग कडुलिंबाखाली बसवला आणि चिरेवर तारखा टाकून कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. चीर वाढून पट्टी फाटली की फोटो, आणि फोटोबरोबर अर्ज. चौथ्या अर्जाला इंजिनिअर साहेब आले. तरुण, घाईत. चिरेकडं एकदा बघून म्हणाले, "हे वरवरचं आहे मॅडम. प्लास्टर मारून घ्या. वर्ग बसवायला काही हरकत नाही."

"बरं," बाई म्हणाल्या. "मामा, साहेबांचा चहा इथंच आणा." आणि खुर्ची नेमकी चिरेखाली ठेवली.

साहेब बसले. वर बघितलं. खुर्ची थोडी सरकवली. चहा आला, बशीत चिमूटभर माती पडली. खुर्ची आणखी सरकली. मग आणखी. सरकत सरकत दाराला टेकली.

"मॅडम," साहेब उठत म्हणाले, "चहा बाहेर बसून घेऊ या का?"

बाईंनी कोरा कागद आणि पेन पुढं केलं.

"तेवढंच लिहून द्या, साहेब!"