टोमण्यांची शिकवणी

गवंड्याच्या बायकोला ज्येष्ठांच्या केंद्रातली दुपार फक्त झोपेसाठी हवी होती. स्मृतिभ्रंश झाल्यापासून नवरा दिवसरात्र घरभर हिंडायचा, भिंती ठोकून बघायचा आणि तिला मागोमाग हिंडावं लागायचं. केंद्रात अशा म्हाताऱ्यांना गोल बसवून बोलतं करायचे. तेवढ्यात बाहेरच्या बाकावर तिचा डोळा लागायचा.

एक दिवस केंद्र चालवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "काकू, काका तोंडच उघडत नाहीत. असंच राहिलं तर जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल."

तिची झोपच उडाली. ती दारात येऊन उभी राहिली.

बोलतं करायचा हा उपचार परदेशातून आलेला. त्याचा नियम असा, की चूक काढायची नाही, कौतुकच करायचं. गवंड्याने लाकडी ठोकळ्यांची भिंत रचली होती, चांगलीच तिरकी.

"वा काका, किती सुंदर!" मॅडम म्हणाल्या.

गवंड्याने हात मागे घेतले. आजवर ज्यांनी त्याचं कौतुक केलं, त्यांनी त्याच्याकडून काहीतरी फुकटात बांधून घेतलं होतं.

बायकोला राहवलं नाही. "ही भिंत आहे की तुमची पाठ?"

"पाठ वाकली तुझ्या माहेरचं घर बांधून," गवंडी म्हणाला.

शेजारचा म्हातारा कंडक्टर खुसखुसला. "ते तरी सरळ आहे का, मिस्त्री?"

"तुझ्या बसपेक्षा जास्त टिकलंय." गवंड्याने भिंत मोडली आणि पहिल्या थरापासून पुन्हा लावायला घेतली.

मॅडम तिच्या कानाशी आल्या. "काकू, रोज आत बसाल?"

म्हणजे जागा राहिली, झोप गेली. "मी नाही बसणार. तुम्हीच टोमणे शिका."

मॅडमनी तिथल्या तिथे करून पाहिलं. "काका, तुम्ही फार आळशी आहात."

"अहो, ही शिवी झाली. माणसाला नाही, कामाला बोलायचं. आणि समोरच्याला उलटून बोलायला जागा ठेवायची."

मॅडमनी घरी नवऱ्यावर सराव केला. त्याने दोन दिवस अबोला धरला. पुढच्या खेपेला मात्र त्या तयारीनिशी आल्या.

"काका, भिंत आज होणार, की पुढच्या वर्षी?"

"नुसत्या बोलण्याने झाली असती, तर तुम्ही गावभर बांधल्या असत्या," गवंडी म्हणाला आणि ठोकळा नीट दाबून बसवला.

बाहेर बायकोच्या ओठावर याहून सरस उत्तर आलं होतं. ते तिने मोठ्या कष्टाने गिळलं, पदर तोंडावर ओढला आणि आडवी झाली.