बांबूपाशी जमणारे मासे

कार्तिकात एका मंगळवारी माझे पती तळ्यावर माशांना पेंड घालायला गेले आणि छातीत कळ येऊन तिथेच वारले.

तळं गावाचं, मासे आमचे. माशांचं बियाणं, बोटभर पिल्लं, ते दरवर्षी प्लास्टिकच्या पिशव्यांतून आणत: रोहू, कटला. पेंड आणि कोंडा भरलेल्या गोणीला भोकं पाडून ती बांबूला पाण्यात टांगत. सकाळी बांबू हलला की पाणी उकळल्यासारखं व्हायचं. तळ्यातली मूळची मरळ मात्र तिकडे फिरकत नसे. ती गवतात दबा धरून बेडूक, किडे खायची.

"ह्यांना ताट वाढून द्यावं लागतं," ते म्हणत. "मरळ कुनाची वाट बघत न्हाई."

मी हसून म्हणायचे, "तुम्हीही ताटावरचेच."

उन्हाळ्यात पाणी उतरलं की मधला उंचवटा उघडा पडून तळ्याचे दोन भाग होतात. बांबूकडचं पाणी आटतं, पलीकडच्या डोहात टिकतं. म्हणून संक्रांतीपासून ते छातीभर पाण्यात उतरून बांबू रोज हातभर डोहाकडे सरकवत. मासे गोणीमागून जात.

या वर्षी ते मासे जगावेत, एवढंच मला हवं होतं. मला पोहता येत नाही. मी धाकट्या दिरांना सांगितलं. त्यांनी एका सकाळी नवा बांबू थेट डोहात रोवला आणि गोणी तिकडे बांधली.

"रोज हातभर न्यायची होती, भाऊजी."

"भूक लागल्यावर जातील कुठं, वहिनी? येतील की."

थोडे गेले असतील. बाकीचे जुन्या बांबूभोवतीच फिरत राहिले. मी काठावरून पेंड डोहाच्या बाजूला फेकत होते, पण हात तेवढा लांब पोचत नव्हता. मग उंचवटा वर आला. पाण्यावर माशांच्या पाठी दिसू लागल्या. तोंडं वर काढून ते हवा घेत होते.

"आता जाळं टाकू द्या," दीर हळू आवाजात म्हणाले. "नुसते सडतील."

मी मान डोलावली. दुपारपर्यंत मासे टेम्पोतून काष्टीच्या बाजाराला गेले. आमच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नाही.

जुना बांबू आता भेगाळलेल्या चिखलात उभा आहे. डोहात मरळ आहे. अर्धं पोतं पेंड पडवीत आहे.