उल्लेखनीय नसलेलं वसतिगृह

“बाई, ही ज्ञानकोशातली नोंद आहे की तक्रार अर्ज?”

सरांनी माइकवरून विचारलं. हॉल हसला. त्यांच्या हातातल्या पॉइंटरचा लाल ठिपका पडद्यावर माझ्या नोंदीवरून फिरत होता. फिरत फिरत ‘लघवी’ या शब्दावर आला आणि तिथंच थांबला.

“शी!” मागून कुणीतरी म्हणालं. पुन्हा हसू.

मी पहिल्या रांगेत बसले होते. चाळिशी ओलांडलेली बाई. नाशिकच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करणारी. आणि मान खाली गेली माझी. सवयीनं गेली. त्या सवयीचा राग मला आजही येतो.

ऑनलाइन ज्ञानकोशात मराठी नोंदी कशा लिहायच्या, याची कार्यशाळा होती आमच्या कॉलेजात. सर निवृत्त प्राध्यापक. त्या ज्ञानकोशाचे जुने संपादक. प्रत्येकानं आपल्या माहितीतल्या एका संस्थेवर नोंद लिहून आणायची होती.

माझ्या आधी आमच्याच कॉलेजातल्या एका प्राध्यापकांची नोंद झाली. विद्यापीठाच्या ज्या जुन्या वसतिगृहात ते राहिले, त्याच्यावर. दगडी इमारत. कमानी. मेसमधलं श्रीखंड. पुढं न्यायाधीश आणि सचिव झालेल्यांची यादी. एकाच्या खोलीत माकड शिरलं होतं, तेसुद्धा लिहिलेलं. सर खूश. म्हणाले, “वसतिगृह म्हणजे नुसत्या खोल्या नसतात. ती एक संस्कृती असते.”

मग माझी नोंद उघडली. आदिवासी मुलींचं वसतिगृह. भाड्याची इमारत, एका गोदामाच्या वर. मी तिथं पाच वर्षं राहिले. आमच्या यादीत न्यायाधीश नव्हते. नर्स होत्या, शिक्षिका होत्या, पोलीस शिपाई होती एक.

“वसतिगृहांना कसल्या स्वतंत्र नोंदी द्यायच्या?” आता सर म्हणाले. दहा मिनिटांपूर्वीची संस्कृती कुठं गेली, कुणास ठाऊक. “चार मुली राहून गेल्या म्हणून जागा उल्लेखनीय होत नाही, बाई. आणि हे असलं घाण कशाला? वगळा.”

असलं घाण म्हणजे काय, ते सांगते.

दिवाळीच्या सुट्टीवरून आम्ही परत आलो की वसतिगृहाच्या बाई दारातच अडवायच्या. पिशव्या खाली ठेवायला लावायच्या. हातात प्लास्टिकचा कप द्यायच्या. “जा. लघवी घेऊन ये.” गर्भ राहिलाय का, ते बघायचं असायचं. सगळ्यांचं. अकरावीच्या मुलींचंही. पट्टीवर एकच रेघ उमटली, म्हणजे गर्भ नाही, की आत. तोवर पायरीवर बसायचं. गोदामातले हमाल बघायचे. कशासाठी बसवलंय, ते त्यांनाही माहीत होतं.

“गावाकडं काय धंदे करता, आम्हाला ठाऊक आहे,” बाई म्हणायच्या.

मी कप भरून दिला. तीन वर्षं दिला. आईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं शिक्षण सोडवून घरी नेलं असतं. पेठच्या डोंगरातून इथवर आले होते, परत जायचं नव्हतं. म्हणून गप्प बसले.

कमळ गप्प बसली नाही. सुरगाण्याकडची. माझ्याच खोलीतली. तिसऱ्या वर्षी तिनं कप घेतला आणि फरशीवर आपटला.

“मी नाय देणार. तुमची पोरगी हाय ना कॉलेजात? तिला लावा आधी रांगेत.”

बाईंनी तिला त्याच दुपारी काढून टाकलं. पत्र्याची पेटी उचलून ती जिना उतरली. कुणाकडं बघितलं नाही तिनं. माझ्याकडंही नाही. मी पायरीवर बसले होते. पट्टीची वाट बघत.

दुसऱ्या सकाळी आम्ही कुणीच जेवलो नाही. फाटकात बसलो, सगळ्या. आधी कोण उठली, आठवत नाही. मी नव्हते, एवढं नक्की. तीन दिवस बसलो. आदिवासी विकास खात्याचे साहेब आले, गाडीतून न उतरता काहीतरी बोलले, आणि कप बंद झाले. कमळला मात्र परत घेतलं नाही. एकाही पेपरात ओळ आली नाही. एक वार्ताहर आला होता. त्यानं विचारलं, “जेवणाची तक्रार आहे का?” आम्ही कारण सांगितलं. तो वही मिटून गेला.

हे मी नोंदीत लिहिलं होतं. चार ओळींत.

“संदर्भ कुठाय याला?” सरांनी विचारलं. “पेपर? पुस्तक? काहीच नाही. मग हे खरं कशावरून?”

तिथं माझी मान वर आली.

मी उभी राहिले. म्हणाले, “सर, आधीच्या नोंदीला संदर्भ कोणता आहे?”

“स्मरणिका आहे त्यांची.”

“कुणी छापली?”

सरांनी प्राध्यापकांकडं पाहिलं. प्राध्यापकांनीच उत्तर दिलं, “आम्ही माजी विद्यार्थ्यांनी.”

“म्हणजे तुमचं तुम्हीच लिहिलं, तुम्हीच छापलं, आणि तो पुरावा झाला. माकड शिरलं ते खरं. आम्ही तीन दिवस उपाशी बसलो ते खोटं. सर, संदर्भ हवा हा नियम मला मान्य आहे. मी ग्रंथालयात काम करते, मला त्याची किंमत कळते. पण मग दोन्ही वगळा. एकच नियम लावा. आणि तो ठिपका काढा तिथून.”

ठिपका गेला.

हसलं नाही कुणी. “भावनेच्या भरात बोलू नका,” सर म्हणाले. मी खाली बसले नाही. पिशवी उचलली आणि बाहेर पडले.

घरी येऊन दोन्ही नोंदींच्या चर्चापानावर तोच प्रश्न लिहिला. चार दिवस वाद झाला तिथं. शेवटी माझी नोंद वगळली. दगडी वसतिगृहाची स्वतंत्र नोंदही काढली आणि दोन ओळी करून विद्यापीठाच्या पानात टाकली. ते प्राध्यापक आता ग्रंथालयात आले की माझ्या टेबलाकडं येत नाहीत. बहुतेकांना वाटतं, मी हरले. काहींना वाटतं, मी सूड घेतला.

मी कमळला फोन लावला. इतक्या वर्षांनी. नंबर मिळवायलाच आठवडा गेला. ती तिच्या गावात आशाताई आहे, घरोघर फिरणारी आरोग्य सेविका.

“तेच पट्टीचं किट आता माझ्या पिशवीत असतं,” ती म्हणाली. “पण मी आधी बाईला इचारते. तिनं नाय म्हटलं तर नाय.”

मी माफी मागितली. पायरीवर बसून राहिल्याची.

ती म्हणाली, “माफीचं काय करू मी? लिही तू. माझं नाव घालून लिही. आन् तुझंबी घाल.”

तेव्हा कळलं मला. त्या नोंदीत मी लिहिलं होतं, ‘मुलींची तपासणी केली जात असे’. मुलींची. कुठल्या मुलींची? शिकले, नोकरीला लागले, आणि स्वतःला त्या वाक्यातून शिताफीनं काढून घेतलं. सरांनी नोंद वगळायच्या आधी मीच मला वगळलं होतं.

आता दर रविवारी एस.टी. पकडते. पेठ, सुरगाणा, हरसूल. त्या फाटकात बसलेल्या एकेकीला गाठते. ज्या बोलतात त्यांचं त्यांच्या बोलीत उतरवते, वाचून दाखवते, विचारून नाव घालते. काही जणी दार लावून घेतात. त्यांचाही हक्क आहे तो. पुस्तक निघेल. आमचं, आमच्या नावांनी. ज्ञानकोशानं घ्यावं की न घ्यावं, तो त्यांचा प्रश्न. मी विनंती करणार नाही.

पहिलं प्रकरण लिहून झालं आहे. त्याचं पहिलं वाक्य असं: माझी तपासणी केली, तेव्हा मी सोळा वर्षांची होते, आणि ती करणाऱ्या बाईंचं नाव मला पाठ आहे.